तीन फायली, एकच कारण

सांगलीच्या मार्केट यार्डातील हळदीच्या एका अडत दुकानात मी अनेक वर्षे हिशेबनीस होतो. 2021 सालापर्यंत माझ्या नावाच्या तीन फायली तीन डॉक्टरांकडे तयार झाल्या होत्या. मेंदूविकारतज्ज्ञांच्या फायलीत अपस्मार, हृदयरोगतज्ज्ञांच्या फायलीत हृदयाचे स्नायू दुर्बल होऊन हृदय पसरल्याचे निदान, आणि डोळ्यांच्या डॉक्टरांच्या कागदावर ‘दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, वयाच्या मानाने लवकर’ असा शेरा. तिन्ही निदाने आपापल्या जागी बरोबरच होती. मात्र त्या तिन्हींच्या मुळाशी रक्तातील कॅल्शियमची टोकाची कमतरता आहे, हे कळण्यासाठी मला मिरजेच्या एका रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात दाखल व्हावे लागले.

सुरुवात 2009 मध्ये झाली. गलगंड वाढून गिळताना त्रास होऊ लागल्यामुळे शस्त्रक्रिया करून माझी थायरॉइड ग्रंथी काढण्यात आली. या ग्रंथीच्या मागच्या बाजूला, मसुराच्या दाण्याहून फारशा मोठ्या नसलेल्या, सहसा चार पॅराथायरॉइड ग्रंथी चिकटलेल्या असतात. नावात थायरॉइड असले तरी त्यांचे काम अगदी वेगळे आहे. रक्तातील कॅल्शियम उतरू लागले की त्या एक संप्रेरक सोडतात. ते हाडांतून कॅल्शियम काढून घेते, मूत्रावाटे वाया जाणारे कॅल्शियम मूत्रपिंडाकडून अडवून घेते, आणि ‘ड’ जीवनसत्त्वाला त्याचे खरे कार्यक्षम रूप द्यायला मूत्रपिंडाला भाग पाडते. या ग्रंथींची पहिली नोंद माणसात झालेली नाही, तर लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मेलेल्या एका भारतीय गेंड्याच्या शवविच्छेदनात रिचर्ड ओवेन यांनी ती केली, आणि माणसातील ग्रंथींचे वर्णन इव्हार सँडस्ट्रॉम या स्वीडनच्या तरुणाने 1880 मध्ये प्रसिद्ध केले, ही माहिती मला पुढे वाचनात मिळाली. इतक्या उशिरा सापडलेल्या ग्रंथी शस्त्रक्रियेत चुकून निघून जातात किंवा त्यांचा रक्तपुरवठा तुटतो, यात मला आता नवल वाटत नाही. थायरॉइडच्या मोठ्या शस्त्रक्रियेतला तो माहीत असलेला धोका आहे.

शस्त्रक्रियेनंतर ओठांभोवती आणि बोटांच्या टोकांना मुंग्या येत होत्या. त्यासाठी दिलेल्या कॅल्शियमच्या गोळ्या काही महिने घेतल्या, मुंग्या कमी झाल्या, गोळ्या बंद झाल्या. थायरॉइडची सकाळची गोळी तेवढी राहिली. ती घेणारी माणसे आता घरोघरी असल्यामुळे ती मला का चालू आहे, हा प्रश्न पुढे कोणालाच पडला नाही. त्या शस्त्रक्रियेचे कागद कपाटाच्या खालच्या खणात होते. ऑगस्ट 2019 च्या महापुरात कृष्णेचे पाणी आमच्या गावभागातल्या घरात शिरले तेव्हा त्या खणातल्या सगळ्या कागदांचा लगदा झाला. पुढच्या डॉक्टरांकडे जाताना माझ्यासोबत गेली ती फक्त नवी फाइल.

पहिला झटका 2016 मध्ये आला. हळदीचा हंगाम होता, सौदे संपवून शेतकऱ्यांच्या पट्ट्या, म्हणजे विक्रीच्या हिशेबाच्या चिठ्ठ्या, लिहीत बसलो होतो. त्याआधी काही आठवडे लिहिताना उजव्या हाताची बोटे आखडत होती. वजन, दर, हमाली, तोलाई असे एकाखाली एक आकडे लिहीत गेलो की पानाच्या तळाशी येईपर्यंत अंगठा तळहाताकडे ओढला जाई आणि शेवटचे आकडे वरच्या आकड्यांच्या निम्मे होऊन रेघेवर चढत. त्या हंगामातली वही मी नंतर पाहिली आहे. अक्षर कुठे बिघडू लागले ते तीत पानापानाला स्पष्ट दिसते. त्या दिवशी लिहितालिहिता शुद्ध गेली. हमालांनी उचलून बाहेर आणले, त्यांच्यापैकी एकाने रिवाजाप्रमाणे कांदा फोडून नाकाशी धरला, आणि शुद्धीवर आलो तेव्हा जीभ चावलेली होती.

मेंदूचा सीटी स्कॅन झाला. त्यात मेंदूच्या खोल भागात, दोन्ही बाजूंना सारख्याच आकारात, कॅल्शियमचे पांढरे साठे दिसत होते. ते जुन्या संसर्गाचे व्रण असावेत असे मानले गेले आणि फेनिटॉइन हे झटके रोखणारे औषध सुरू झाले. रक्तात कॅल्शियम नाही आणि मेंदूत मात्र त्याचे थर, ही गोष्ट विचित्र वाटते, पण तिचे कारण सरळ आहे. पॅराथायरॉइडचे संप्रेरक नसले की मूत्रपिंड फॉस्फरस बाहेर टाकत नाही. रक्तात फॉस्फरस साचतो, आणि वर्षानुवर्षे तो मेंदूच्या त्या भागात कॅल्शियमला पकडून खाली बसवत राहतो. डोळ्याच्या भिंगात होणारा मोतीबिंदूही याच आजाराचा भाग. दोन्ही बाजूंना सारखे पसरलेले हे साठे दिसले की रक्तातील कॅल्शियम आणि फॉस्फरस तपासावेत, असे वैद्यकाची पुस्तके सांगतात. माझ्या बाबतीत ती तपासणी राहून गेली, आणि तपासणीचा एकूण खर्च पाहता ती स्कॅनच्या मानाने अगदीच किरकोळ रकमेची होती.

फेनिटॉइनने झटके विरळ झाले, थांबले नाहीत. ते औषध यकृतातली ‘ड’ जीवनसत्त्व मोडणारी विकरे (एन्झाइम) वाढवते, म्हणजे ज्या कारणाने झटके येत होते त्या कारणालाच ते खतपाणी घालत होते. झटका आला की मात्रा वाढे, मात्रा वाढली की कॅल्शियम आणखी उतरे.

झटके लोकांना दिसत. स्वभावातला बदल फक्त घरच्यांना दिसला. माझी चिडचिड वाढली. तोलाईवरून हमालांशी भांडणे होऊ लागली, आणि बेरीज चुकली की कोणीतरी मुद्दाम वही बदलली असा संशय येऊ लागला. रात्री झोप येत नसे आणि दिवसा एकच गोष्ट दोनदा विचारली जाई. पत्नीने एकदा स्पष्टच विचारले, “अहो, तुम्हाला नक्की होतंय तरी काय? तुम्ही असे नव्हता.” नातेवाइकांनी यावर दोन उपाय सुचवले, एक देवस्थानाचा आणि एक मानसोपचारतज्ज्ञाचा. कॅल्शियम फार उतरले की मेंदूच्या पेशी अवाजवी उत्तेजित राहतात आणि त्यातून चिंता, नैराश्य, गोंधळलेपणा, कधी भासही होऊ शकतात, हे तेव्हा आमच्यापैकी कोणाला ठाऊक असण्याचे कारण नव्हते.

2021 मध्ये जिना चढताना दम लागू लागला. पायांवर सूज आली. इको तपासणीत हृदयाच्या डाव्या कप्प्याची पंपिंगची क्षमता 28 टक्के निघाली, जी साधारण 55 च्या पुढे असायला हवी. अँजिओग्राफीत रक्तवाहिन्या स्वच्छ होत्या. मग ज्याचे कारण सापडत नाही अशा हृदयविकाराच्या गटात माझी नोंद झाली. सूज उतरवण्यासाठी लघवी वाढवणारी फ्युरोसेमाइड ही गोळी आणि पित्तासाठी पँटोप्रॅझोल अशी औषधे सुरू झाली. हेतू चांगलाच होता. परंतु फ्युरोसेमाइड लघवीतून कॅल्शियम आणि मॅग्नेशियम दोन्ही घालवते, आणि पित्ताची गोळी दीर्घकाळ घेतली की मॅग्नेशियम घटू शकते. मॅग्नेशियम घटले की उरल्यासुरल्या पॅराथायरॉइडचे कामही मंदावते. तीन योग्य वाटणारी औषधे, आणि तिन्हींचा भार एकाच पारड्यात.

शेवटी 2022 च्या फेब्रुवारीत एका पहाटे घसा आवळल्यासारखा झाला. श्वास आत घेताना शिट्टीसारखा आवाज येऊ लागला, दोन्ही हात मनगटात वाकून ताठ झाले, आणि मग झटका. मुलाने गाडी काढली आणि मिरज गाठली. सांगलीच्या माणसाला संकटात मिरजेचाच रस्ता सुचतो. तिथे दवाखान्यांची दाटी आहे आणि कर्नाटकापासूनचे रुग्ण तिथे येतात.

तिथे रात्रपाळीला असलेल्या तरुण डॉक्टर बाईंनी फायली बाजूला ठेवल्या आणि आधी माझा गळा पाहिला. “काका, ही खूण कसली?” मला बोलता येत नव्हते. पत्नीने सांगितले, “गलगंडाचं ऑपरेशन झालंय यांचं. बरीच वर्षं झाली.” डॉक्टरांनी रक्तदाब मोजण्याचा पट्टा माझ्या दंडावर बांधला, वरच्या रक्तदाबाच्याही पलीकडे फुगवला आणि तसाच ठेवून घड्याळाकडे पाहत उभ्या राहिल्या. तीन मिनिटे धरून ठेवायचा असतो. माझ्या बाबतीत त्याआधीच हात आपोआप फिरू लागला: मनगट वाकले, बोटे सरळ राहून एकमेकांना चिकटली, अंगठा तळहातात शिरला. ती बोटे मला सोडवता येईनात. वहीची पाने लिहिताना होणारी तीच स्थिती होती, फक्त आता ती पूर्णत्वाला गेली होती. एकोणिसाव्या शतकातल्या त्रूसो या फ्रेंच वैद्याच्या नावाने ही खूण ओळखली जाते. कानापुढे गालावर बोटाने टिचकी मारली की ओठाचा कोपरा उडतो, अशी दुसरीही एक खूण आहे, पण ती निरोगी माणसांतही काही वेळा दिसते म्हणून डॉक्टरांनी तिला फार महत्त्व दिले नाही.

रक्ताचा अहवाल सकाळी आला. एकूण कॅल्शियम दर 100 मिलिलिटरला 5.1 मिलिग्रॅम, ते साधारण 8.5 ते 10.5 असावे लागते. रक्तातले निम्म्याच्या आसपास कॅल्शियम अल्ब्युमिन या प्रथिनाला व इतर घटकांना बांधलेले असते, त्यामुळे अल्ब्युमिन कमी असले तर एकूण आकडा फसवा ठरतो. माझे अल्ब्युमिन ठीक होते. मुक्त कॅल्शियम, जे खरे काम करते, तेही हवे त्याच्या निम्म्याच्या घरात होते. फॉस्फरस वाढलेला, मॅग्नेशियम कमी, आणि पॅराथायरॉइडचे संप्रेरक जवळजवळ नाही. कॅल्शियम इतके उतरल्यावर ते संप्रेरक खरे तर कितीतरी वाढलेले असायला हवे होते. ते न वाढणे हेच निदान होते.

ईसीजीचा कागद डॉक्टरांनी मुलाला दाखवला. ठोक्याच्या टोकदार रेषेनंतर पुढची लाट उठेपर्यंतचा सपाट भाग ओढून लांबवल्यासारखा दिसत होता. टोकदार रेषेच्या सुरुवातीपासून त्या लाटेच्या शेवटापर्यंतच्या साऱ्या अंतराला क्यूटी म्हणतात. ते 500 मिलिसेकंदांच्या पुढे गेले की हृदयाची लय अचानक बिघडून जीव जाण्याचा धोका वाढतो. माझे त्याहून पुढे गेले होते. त्यामुळे छातीला तारा लावून पडद्यासमोर झोपवले, आणि मळमळीवरचे जे औषध नेहमी सहज दिले जाते, तेही क्यूटी वाढवते म्हणून डॉक्टरांनी टाळले.

कॅल्शियम ग्लुकोनेट शिरेतून द्यायचे तर घाई चालत नाही. दहा टक्के द्रावणाची एक 10 मिलिलिटरची कुपी म्हणजे शुद्ध कॅल्शियम जेमतेम 93 मिलिग्रॅम. ते ग्लुकोजच्या पाण्यात मिसळून दहा मिनिटे किंवा अधिक वेळ घेऊन सोडतात, कारण वेगाने गेले तर ठोके मंदावू शकतात, थांबूही शकतात. औषध सुरू झाले तेव्हा छातीपासून कानांपर्यंत ऊब पसरली आणि तोंडाला खडूसारखी चव आली. सिस्टरांची एक नजर पडद्यावर आणि दुसरी माझ्या हातावर होती. सुई शिरेबाहेर सरकून औषध त्वचेखाली उतरले तर तिथले मांस करपते, म्हणून त्या मधूनमधून सुईभोवती बोटाने दाबून विचारत, “काका, इथं दुखतंय का? जळजळतंय का?” सोडाबायकार्ब त्याच नळीतून देत नाहीत, कारण कॅल्शियमशी त्याचा खडूसारखा साका होतो. पहिल्या कुप्यांनंतर काही वेळातच घसा मोकळा झाला आणि बोटे सुटली. पण तेवढ्याने भागत नाही. शिरेतून दिलेले कॅल्शियम काही तासांत ओसरते, म्हणून पुढे संथ सलाइनमधून ते चालू ठेवले, ठरावीक तासांनी रक्त तपासले, आणि बरोबरीने मॅग्नेशियमही दिले. मॅग्नेशियम न भरता नुसते कॅल्शियम ओतत राहिले तर आकडा वर चढून टिकत नाही.

झटके त्यानंतर आले नाहीत. फेनिटॉइन हळूहळू काढून लेव्हेटिरासिटॅम हे झटक्यांवरचे दुसरे औषध दिले आणि वर्षभरानंतर तेही बंद झाले.

हृदयाचे काय, हे मी राउंडला आलेल्या मोठ्या डॉक्टरांना विचारले. हातापायाच्या स्नायूंना आकुंचनासाठी लागणारे कॅल्शियम पेशीच्या आतच साठवलेले असते, पण हृदयाच्या स्नायूला प्रत्येक ठोक्याला बाहेरून, म्हणजे रक्तातून, थोडे कॅल्शियम आत यावे लागते. तेव्हाच आतला साठा उघडतो. म्हणूनच रक्तातले कॅल्शियम उतरले की हातपाय आखडतात ते नसा बेफाम झाल्यामुळे, आणि हृदय मात्र दुबळे पडते. त्यांनी लंडनच्या सिडनी रिंगर यांचा प्रयोग सांगितला. 1880 च्या दशकाच्या सुरुवातीला ते बेडकाचे हृदय मिठाच्या द्रावणात धडधडते ठेवत होते. द्रावण नळाच्या पाण्यात केले तेव्हा हृदय चालत राहिले. शुद्ध ऊर्ध्वपातित पाण्यात केले तेव्हा थांबले. फरक होता तो नळाच्या पाण्यातल्या कॅल्शियमचा. आपल्याकडे जुलाब झाले की जी ‘आरएल’ची बाटली लावतात, तिच्या नावातला पहिला शब्द याच रिंगरांचा. मी आयुष्यात तीनचारदा ती लावून घेतली होती.

कॅल्शियम भरून आल्यावर ईसीजी काही दिवसांत सरळ झाला. पंपिंगला वेळ लागला, पण काही महिन्यांनी केलेल्या इकोत 28 टक्क्यांचे 50 झाले होते. कायमच्या म्हणून सांगितलेल्या हृदयविकारातून परत फिरता येते, अशी फार थोडी कारणे असतात. त्यांपैकी हे एक. संशय घेणे आणि विसरणे कधी थांबले हे मला स्वतःला सांगता येणार नाही, पत्नीला येते. मेंदूतले पांढरे साठे मात्र तसेच आहेत, ते जात नाहीत. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया करून घेतली.

घरी आल्यावर सल्ल्यांचा पूर आला. कोणी दूध, कोणी नाचणी, कोणी शेवग्याचा पाला, आणि पान खाणाऱ्या एका मामांनी गव्हाच्या दाण्याएवढा चुना रोज दह्यात घ्यायला सांगितला. या सल्ल्यांमागे एक समजूत आहे की कॅल्शियम कमी म्हणजे खाण्यात कमी. माणसाच्या अंगात सुमारे एक किलो कॅल्शियम असते आणि त्यातले 99 टक्के हाडांत व दातांत. माझ्या हाडांत ते भरपूर होते. ते रक्तात आणणारी आणि आतड्यातून शोषायला लावणारी आज्ञा येणे बंद झाले होते. त्या स्थितीत चुना खाऊन तोंड आणि अन्ननलिका भाजण्यापलीकडे फार काही हाती लागत नाही. दुधात कॅल्शियमबरोबर फॉस्फरसही असतो, म्हणून तेही माझ्यासाठी बेताचेच. कोलासारखी फॉस्फरिक आम्ल असलेली पेये पूर्ण बंद.

दर आठवड्याची 60,000 युनिटची ‘ड’ जीवनसत्त्वाची पुडी बऱ्याच लोकांना ठाऊक असते. ती मलाही देतात, पण तेवढ्यावर माझे काम होत नाही, कारण तिला कार्यक्षम रूप देणारी आज्ञाच मूत्रपिंडाला मिळत नाही. म्हणून आधीच तयार असलेले रूप, कॅल्सिट्रिऑल, कॅप्सूलमधून दिवसातून दोनदा घ्यावे लागते. कॅल्शियम कार्बोनेट जेवणाबरोबर, कारण त्याला पोटातले आम्ल लागते. थायरॉइडची गोळी मात्र त्यापासून किमान चार तास दूर, नाहीतर ती शोषली जात नाही. पहाटे थायरॉइड, नाश्त्याला नाही, दुपारच्या जेवणापासून कॅल्शियम, असा माझा क्रम बसला आहे. पित्ताची गोळी बंद झाली.

यातली खरी अडचण वेगळीच आहे. संप्रेरक नसल्यामुळे मूत्रपिंड कॅल्शियम अडवत नाही. गोळ्यांनी रक्तातला आकडा निरोगी माणसाइतका आणायला गेले तर लघवीतून ते इतके जाते की मुतखडे होतात आणि मूत्रपिंड खराब होते. म्हणून डॉक्टर माझा आकडा मुद्दाम खालच्या सीमेवर, 8 ते 8.5 च्या आसपास ठेवतात. त्यासाठी अधूनमधून चोवीस तासांची लघवी पाच लिटरच्या कॅनमध्ये गोळा करून द्यावी लागते. सकाळची पहिली लघवी टाकून द्यायची आणि दुसऱ्या दिवशी सकाळची पहिली धरायची, हा नियम प्रयोगशाळेतल्या मुलालाही एकदा मीच समजावून सांगितला. शिवाय दरवर्षी मूत्रपिंडाची सोनोग्राफी असते. निघून गेलेल्या संप्रेरकाची जागा घेणारे पॅलोपेगटेरिपॅराटाइड नावाचे रोजचे इंजेक्शन 2023 मध्ये युरोपात आणि 2024 मध्ये अमेरिकेत मान्य झाले आहे. त्याबद्दल मी डॉक्टरांना विचारले, तेव्हा गोळ्यांवर आकडे नीट राहत असताना त्याची घाई नको, असे त्यांचे मत पडले.

पाकिटात आता एक कार्ड असते. त्यावर ‘पॅराथायरॉइड नाही’ असे ठळक लिहून खाली चालू औषधे दिली आहेत, आणि फेनिटॉइन, फ्युरोसेमाइड व क्यूटी वाढवणारी औषधे देण्यापूर्वी कॅल्शियम तपासावे अशी सूचना आहे. उलट्या किंवा जुलाब सुरू झाले आणि गोळ्या पोटात टिकेनाशा झाल्या, की दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता रक्त तपासणीसाठी द्यायला जायचे, आणि ओठांना मुंग्या आल्या असतील तर थेट दवाखान्यातच, एवढे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवले आहे. गेल्या पावसाळ्यात तशी वेळ एकदा आली, आकडा 7.2 निघाला, शिरेतून कॅल्शियम दिले गेले आणि संध्याकाळी घरी परतलो.